घटक ६ : बंदराची रांग आणि रस्त्याकाठचे गाव

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –

• बंदराकडे जाणाऱ्या मालवाहनांची रांग कशी निर्माण होते, हे स्पष्ट करता येईल.
• या रांगेचे स्थानिक लोकजीवनावर होणारे परिणाम उदाहरणांसह सांगता येतील.
• उपाययोजनांची परीक्षा ‘प्रतीक्षेचा भार कोणाकडे गेला?’ या कसोटीवर करता येईल.
• वाहतुकीविषयीच्या मराठी वृत्तलेखनात जबाबदारी कशी व्यक्त होते किंवा झाकली जाते, हे ओळखता येईल.

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण भाषा आणि समाज यांच्या संबंधाचा सर्वसाधारण विचार केला. प्रस्तुत घटकात एका विशिष्ट सामाजिक प्रश्नाच्या आधारे तोच संबंध तपासून पाहावयाचा आहे. हा प्रश्न म्हणजे बंदराकडे जाणाऱ्या मालवाहनांच्या रांगा आणि त्या रांगांच्या कडेने जगणारी माणसे.

बंदराच्या कामगिरीचे मोजमाप जहाजाच्या बाजूने होते. जहाज धक्क्याला किती तास थांबले, किती कंटेनर उतरले, किती चढले, याच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या जातात. बंदराची दुसरी बाजू जमिनीकडे असते. तेथे प्रवेशद्वाराबाहेर ट्रेलर उभे असतात आणि त्या रस्त्यावरून शाळकरी मुले, कामगार, मासळी विकणाऱ्या स्त्रिया आणि रुग्णवाहिका जात असतात. त्यांचा किती वेळ गेला, हे बंदराच्या वार्षिक अहवालातून कळत नाही. या घटकातील मुख्य प्रतिपादन असे आहे की, प्रतीक्षा सहसा नाहीशी होत नाही, ती एकाकडून दुसऱ्याकडे सरकवली जाते. ती अखेर कोणाच्या वाट्याला येते, हे पाहिल्याशिवाय रांगेचा प्रश्न समजत नाही.

विवेचनासाठी आपण रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याचे उदाहरण घेणार आहोत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ पार्श्वभूमी : न्हावा आणि शेवा

मुंबई बंदरावरील भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे उरण तालुक्यात नवे बंदर उभारण्यात आले. २६ मे १९८९ रोजी ते कार्यान्वित झाले. अधिकृतपणे ते जवाहरलाल नेहरू बंदर होय. जहाजवाहतुकीच्या जगात मात्र ते ‘न्हावाशेवा’ म्हणूनच ओळखले जाते. न्हावा आणि शेवा ही येथील दोन गावांची नावे आहेत. जगभरच्या मालवाहतुकीच्या कागदपत्रांवर ही जोडनावे छापली जातात, पण ती ज्या गावांची आहेत तेथील जीवन त्या कागदांत उमटत नाही.

हा परिसर आगरी आणि कोळी समाजांचा. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी हे त्यांच्या उपजीविकेचे मुख्य आधार होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई प्रकल्पासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी आंदोलन केले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. जासई, दास्तान फाटा, नवघर ही नावे एका पिढीच्या स्मरणात या लढ्याशी जोडलेली आहेत. पुढच्या पिढीला तीच नावे वाहतूक कोंडीच्या बातम्यांतून अधिक परिचयाची झाली.

बंदराचा विस्तार वेगाने झाला. १९९९ मध्ये येथे देशातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झाले. त्यानंतर आणखी टर्मिनलांची भर पडली. २०२२-२३ या वर्षात बंदराने ६० लाखांहून अधिक ‘वीस फुटी एकक’ इतकी कंटेनर-वाहतूक हाताळली. यातील काही कंटेनर रेल्वेने जातात, परंतु मोठा वाटा रस्त्यानेच येतो-जातो. बंदराच्या मागे द्रोणागिरी, जासई, दिघोडे या पट्ट्यात कंटेनर मालस्थानके, गोदामे आणि रिकाम्या कंटेनरांची यार्डे उभी राहिली. त्यामुळे ट्रेलरची ये-जा बंदर ते महामार्ग एवढीच राहिली नाही. यार्ड ते बंदर, बंदर ते गोदाम, गोदाम ते पुन्हा यार्ड अशा फेऱ्या गावांच्या मधून सुरू झाल्या.

६.२.२ रांग कशी तयार होते?

रांग ही केवळ ‘गाड्या फार झाल्या’ म्हणून लागत नाही. येणाऱ्यांचा वेग आणि सोडणाऱ्यांचा वेग यांतील फरकातून ती जन्माला येते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका प्रवेशद्वारातून ताशी १०० ट्रेलर आत जाऊ शकतात. सकाळी ६ ते ११ या वेळेत ताशी १२० ट्रेलर येतात. दर तासाला २० वाहने मागे राहतात. अकरा वाजेपर्यंत १०० ट्रेलर रस्त्यावर उभे असतात. चाळीस फुटी कंटेनर वाहणारे वाहन सुमारे १६ मीटर लांब असते. पुढचे-मागचे अंतर धरून एका वाहनाला २० मीटर जागा लागते, असे मानू. म्हणजे एका मार्गिकेत दोन किलोमीटर लांबीची रांग झाली.

आता अकरानंतर गर्दी ओसरली आणि ताशी ९० ट्रेलर येऊ लागले, असे समजू. दर तासाला रांगेतील केवळ १० वाहने कमी होतील. संपूर्ण रांग संपण्यास दहा तास लागतील, म्हणजे रात्रीचे नऊ वाजतील. पाच तासांच्या किरकोळ वाढीने रस्ता पंधरा तास अडून राहिला. ‘सकाळी जरा गर्दी झाली होती’ हे बंदराच्या बाजूचे वर्णन आणि ‘दिवसभर रस्ता बंद होता’ हे गावाच्या बाजूचे वर्णन, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, ती अशी.

वाहने एकाच वेळी का येतात, याची कारणे बंदराच्या व्यवहारात आहेत. निर्यातीचा माल विशिष्ट जहाजावर चढावयाचा तर ठरावीक मुदतीच्या आत तो आत पोहोचावा लागतो. मुदत जवळ आली की वाहने एकवटतात. जहाजे आकाराने मोठी होत गेली, तसे एका जहाजासाठी लागणारे कंटेनरही वाढले. शहरांच्या हद्दीत ठरावीक वेळी अवजड वाहनांना प्रवेशबंदी असते. बंदी उठताच थोपवलेली वाहने एकत्र सुटतात आणि बंदी असेपर्यंत ती हद्दीबाहेरच्या एखाद्या गावाच्या रस्त्यावर उभी राहतात. सीमाशुल्काची कागदपत्रे, वजन, मोहोर यांपैकी एका बाबीत त्रुटी निघाली तरी एक वाहन थांबते आणि त्याच्या मागची सारी थांबतात.

कारण पुष्कळदा फार दूरचे असते. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या संगणकीय हल्ल्याने मर्स्क या जहाज-समूहाच्या जगभरातील यंत्रणा ठप्प झाल्या. या समूहाकडून न्हावाशेवा येथे चालवले जाणारे टर्मिनलही त्यात सापडले. संगणक बंद पडल्याने आतले काम मंदावले आणि बाहेर वाहने तुंबणार हे ओळखून त्यांच्यासाठी जादा जागेची तजवीज करावी लागली. युक्रेनमधील संगणकांतून सुटलेला आघात उरणच्या रस्त्यावर येऊन थांबला. स्थानिक माणसाला मात्र केवळ समोरचा ट्रेलर दिसत होता.

> स्वयंअध्ययन प्रश्न – १
> वरील काल्पनिक उदाहरणात प्रवेशद्वाराची क्षमता ताशी ११० केली, तर अकरा वाजता रांगेत किती वाहने असतील आणि ती रांग किती वेळात संपेल?

६.२.३ रांगेचे स्थानिक परिणाम

(अ) वेळ. रांगेचा पहिला आघात वेळेवर होतो. येथे सरासरी विलंबापेक्षा अनिश्चितता अधिक जाचक असते. प्रवासाला रोज एक तास लागत असेल तर माणूस एक तास आधी निघतो. तो कधी अर्धा तास तर कधी अडीच तास लागत असेल, तर त्याला रोजच अडीच तासांचा हिशेब करून निघावे लागते. रांग नसलेल्या दिवशीही रांगेची किंमत मोजावी लागते. परीक्षेला जाणारा विद्यार्थी, पाळीवर वेळेत पोहोचणे आवश्यक असलेला कामगार, सकाळच्या बाजारात मासळी नेणारी कोळीण यांच्यापैकी कोणालाही या अनिश्चिततेची भरपाई मिळत नाही. मोठ्या उपचारांसाठी उरणच्या रुग्णाला पनवेल किंवा नवी मुंबई गाठावी लागते. रुग्णवाहिकेसाठी ट्रेलर बाजूला घ्यावयाचा म्हटले तरी दोन्ही बाजूंना वाहने उभी असल्यास चालकाला ते शक्य नसते. अशा वेळी प्रतीक्षा जिवावर बेतते.

(आ) सुरक्षितता. चालत्या ट्रेलरपेक्षा उभा ट्रेलर कमी धोकादायक, असा समज असतो. रात्री, पावसात, मागचे दिवे किंवा परावर्तक पट्ट्या नसलेला ट्रेलर कडेला उभा असेल तर दुचाकीस्वाराला तो शेवटच्या क्षणी दिसतो. सेवारस्ता ट्रेलरने व्यापला की पादचारी आणि दुचाकीस्वार मुख्य मार्गावर येतात, म्हणजेच सर्वांत दुबळा प्रवासी सर्वांत जड वाहनांच्या मध्ये ढकलला जातो. दोन ट्रेलरच्या फटीतून रस्ता ओलांडणारे मूल पलीकडून येणाऱ्या वाहनाला दिसत नाही. पावसाळ्यात खड्ड्यांमुळे हे सारे धोके वाढतात.

(इ) आरोग्य आणि परिसर. रांगेतील वाहन पूर्णपणे उभे नसते. ते काही फूट सरकते, थांबते, पुन्हा सरकते. त्यामुळे इंजिन चालूच राहते. डिझेलच्या धुरातील सूक्ष्म कण श्वसनसंस्था व हृदय यांना अपायकारक असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केला. रस्त्याला लागून असलेली घरे, दुकाने आणि शाळा यांना हा धूर टाळता येत नाही. वाहने उभी करण्यासाठी जागेची मागणी वाढते, तसा भराव वाढतो. सखल जमीन, जुनी मिठागरे आणि खारफुटीचे पट्टे यांवर त्याचा ताण येतो. पाणी मुरण्याची व वाहून जाण्याची जागा कमी झाली की पावसात त्याचा फटका पुन्हा गावालाच बसतो.

(ई) उपजीविका. एकांगी चित्र रेखाटणे योग्य होणार नाही. बंदराने रोजगारही दिला. मालस्थानकांतील कामे, वाहनांची मालकी, गॅरेज, पंक्चरची दुकाने, वजनकाटे, चहाच्या टपऱ्या आणि धाबे यांवर अनेक कुटुंबे चालतात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांपैकी काहींनी मोबदल्यातून ट्रेलर घेतले. त्यामुळे एकाच घरातील एक माणूस रांगेत उभा असतो, तर दुसरा त्याच रांगेमुळे घरी उशिरा पोहोचतो. गावाचे मत या प्रश्नावर एकसंध का नसते, याचे उत्तर येथे आहे. ट्रेलर गावातून हटवावेत, अशी मागणी करणारे आणि हटवल्यास धंदा बुडेल, अशी भीती बाळगणारे एकाच ग्रामसभेत बसलेले असतात.

(उ) चालक. रांगेच्या परिणामांचा विचार करताना चालकाला आपण बहुधा ‘दुसऱ्या बाजूला’ बसवतो. प्रत्यक्षात प्रतीक्षेचा मोठा भार त्याच्याच डोक्यावर असतो. यातील बरेच चालक महाराष्ट्राबाहेरून आलेले असतात. जेथे मिळकत फेरीवर अवलंबून असते, तेथे थांबलेला दिवस म्हणजे बुडालेली फेरी. रस्त्यावर स्वच्छतागृह नसते, पिण्याचे पाणी नसते, गाडी सोडून झोपता येत नाही. मग उघड्यावर विधी होतात, कचरा पडतो आणि त्यावरून ग्रामस्थ व चालक यांच्यात खटके उडतात. दोघेही त्याच व्यवस्थेचे भार वाहत असतात, पण ती व्यवस्था रस्त्यावर हजर नसल्याने राग एकमेकांवर निघतो.

६.२.४ उपाय आणि प्रतीक्षेचे स्थलांतर

गेल्या काही वर्षांत अनेक उपाय झाले. रस्ते रुंद झाले आणि करळ येथे उड्डाणपूल उभे राहिले. बंदराने केंद्रीय वाहनतळ उभारले. कारखान्यात मोहोरबंद होऊन आलेल्या निर्यात-कंटेनरांची कागदपत्रे तेथे तपासता येतात. थेट बंदर-वितरणाच्या पद्धतीमुळे आयात कंटेनर मालस्थानकात न जाता सरळ आयातदाराकडे जाऊ शकतो. नेरुळ व बेलापूरहून सुरू झालेली रेल्वे २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पोहोचली. त्याच महिन्यात अटल सेतू खुला झाला.

या उपायांना आपली कसोटी लावून पाहू. रेल्वेने प्रवाशाची प्रतीक्षा खरोखर कमी केली, कारण रेल्वेमार्ग रांगेपासून वेगळा आहे. स्थानकाजवळ राहणाऱ्यास हा मोठा दिलासा आहे. अटल सेतूवर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना मनाई आहे, त्यामुळे दुचाकीवर कामाला जाणारा माणूस पूर्वीच्याच रस्त्यावर राहिला. वाहनतळामुळे रांग रस्त्यावरून आवारात जाते. चालकाची प्रतीक्षा त्याने संपत नाही, परंतु गावाची कमी होऊ शकते. तेथे पाणी व स्वच्छतागृह असेल तर चालकाचीही ती सुसह्य होते. रुंद रस्त्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. प्रवेशद्वाराची क्षमता तीच राहिली, तर रुंद रस्ता हा पुष्कळदा रांगेला मिळालेली अधिक जागा ठरतो.

इतर देशांचा अनुभवही बोधप्रद आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस व लाँग बीच ही जोडबंदरे आहेत. तेथे २००५ पासून दिवसा कंटेनर नेण्यावर शुल्क बसवून रात्रीच्या वाहतुकीला उत्तेजन देण्यात आले. दिवसाची गर्दी हलली, पण संध्याकाळी सहाला शुल्क संपत असल्याने त्याआधीच दाराबाहेर वाहने थांबू लागली. नायजेरियातील लागोस शहराचे अपापा बंदर रस्त्यांवर व पुलांवर उभ्या राहणाऱ्या मालट्रकांसाठी कुप्रसिद्ध होते. तेथे २०२१ मध्ये संगणकीय बोलावणी पद्धत सुरू झाली. पाळी येईपर्यंत ट्रकने ठरवून दिलेल्या तळावरच थांबावे, हा तिचा गाभा.

कॅलिफोर्निया राज्याने २००२ मध्ये केलेला कायदा आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. प्रवेशद्वारापाशी ट्रकला इंजिन चालू ठेवून तीस मिनिटांहून अधिक काळ थांबावे लागले, तर २५० डॉलरचा दंड टर्मिनलला होईल, असे त्यात ठरवले गेले. या कायद्याने रांगा नाहीशा झाल्या असे नाही. परंतु रांगेचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याने निःसंदिग्ध शब्दांत दिले. एरवी दंड उभ्या असलेल्या चालकाला होतो. येथे तो उभे करणाऱ्याला झाला.

६.२.५ भाषेतील रांग : कर्ता कोठे आहे?

येथून आपण मूळ भाषिक मुद्द्याकडे येतो. ‘करळ फाट्यावर वाहतूक कोंडी झाली’, ‘वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या’, ‘जनजीवन विस्कळीत झाले’ ही वृत्तलेखनातील नित्याची वाक्ये आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने ‘कोंडी’, ‘रांगा’ आणि ‘जनजीवन’ हेच या वाक्यांतील कर्ते आहेत. अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर क्रिया घडवणारा कोणीच दिसत नाही.

मराठीत अकर्मक आणि सकर्मक धातूंच्या जोड्या आहेत : तुटणे–तोडणे, पडणे–पाडणे, लागणे–लावणे. ‘रांग लागली’ आणि ‘रांग लावली’ या वाक्यांत एका अक्षराचा फरक आहे, पण दुसरे वाक्य उच्चारताच ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. ‘कोंडी’ या नामामागे ‘कोंडणे’ हा सकर्मक धातू आहे. कोंडणारा आणि कोंडला जाणारा असे दोन पक्ष त्यात गृहीत आहेत. नामाला ‘होणे’ जोडले की दोन्ही पक्ष अदृश्य होतात आणि कोंडी ही पाऊस किंवा धुके यांच्यासारखी नैसर्गिक घटना वाटू लागते.

कर्ता दिलाच तर तो सर्वांत जवळचा दिला जातो. ‘कंटेनरने दुचाकीस्वाराला चिरडले’ या वाक्यात कर्ता निर्जीव वाहन आहे. ‘चालकांच्या बेशिस्तीमुळे कोंडी’ या मथळ्यात कर्ता चालक आहे. ‘बेशिस्त’ हा शब्द दोष व्यक्तीच्या स्वभावात ठेवतो. ज्याला थांबण्यासाठी अधिकृत जागाच दिलेली नाही, त्याच्या थांबण्याला बेशिस्त म्हणणे कितपत योग्य, हा विचार वाचकाच्या मनात येण्यापूर्वीच वाक्य संपते.

याचा अर्थ प्रत्येक वाक्यात कोणावर तरी आरोप करावा, असा नाही. पुरावा नसताना कर्ता घालणे हाही भाषेचा गैरवापरच होय. मात्र माहिती उपलब्ध असेल तेथे ती वाक्यात आली पाहिजे. ‘रांगा लागल्या’ याऐवजी ‘टर्मिनलची संगणकयंत्रणा चार तास बंद राहिल्याने ट्रेलर रस्त्यावर थांबवण्यात आले’ असे लिहिले, तर वाचकाला कारण समजते आणि दाद कोणाकडे मागावयाची हेही कळते. ग्रामपंचायतीचे निवेदन, तहसीलदारांना द्यावयाचा अर्ज, वृत्तपत्राकडे पाठवायचे पत्र या सर्वांची परिणामकारकता या एका गोष्टीवर बरीच अवलंबून असते. कर्ता नसलेल्या तक्रारीला उत्तर देण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

६.३ सारांश

बंदराकडे जाणारी रांग ही येण्याचा वेग आणि सोडण्याचा वेग यांतील फरकातून निर्माण होते, आणि थोड्या वेळाची विसंगती दीर्घकाळ रस्ता अडवते. तिची कारणे जहाजांच्या मुदतींत, कागदपत्रांत, प्रवेशबंदीच्या वेळांत, प्रसंगी दूरदेशीच्या घटनांतही असतात. तिचे परिणाम मात्र रस्त्याकाठच्या गावावर आणि चालकावर होतात. ज्यांनी बंदरासाठी जमीन दिली, त्यांच्याकडून त्यानंतर रोज वेळही घेतला जात आहे, आणि या दुसऱ्या संपादनाची कोठेही नोंद होत नाही. कोणत्याही उपायाचे मूल्य, त्याने प्रतीक्षा संपवली की दुसऱ्याकडे सरकवली, यावरून ठरवावे. या नोंदीची सुरुवात भाषेतून होऊ शकते : वाक्यात कर्ता लिहिण्यापासून.

६.४ पारिभाषिक शब्द

वीस फुटी एकक – कंटेनर-वाहतूक मोजण्याचे परिमाण. चाळीस फुटी एक कंटेनर म्हणजे अशी दोन एकके.
टर्मिनल – बंदरातील, जहाजावर माल चढवण्या-उतरवण्याचा स्वतंत्र विभाग.
कंटेनर मालस्थानक – बंदराबाहेरील जागा, जेथे कंटेनर भरणे, रिकामे करणे व सीमाशुल्क तपासणी होते. बोलण्यात ‘सीएफएस’.
मोहोरबंद – तपासणीनंतर अधिकृत मोहोर लावून बंद केलेला.

६.५ स्वाध्याय

१. ‘रांगेतील अनिश्चितता ही विलंबापेक्षा अधिक जाचक असते.’ हे विधान तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. ग्रामस्थ आणि चालक यांच्यातील संघर्षामागील कारणांची चर्चा करा.
३. रेल्वे, वाहनतळ आणि रस्तारुंदीकरण या उपायांची तुलना ‘प्रतीक्षेचे स्थलांतर’ या कल्पनेच्या आधारे करा.
४. लागणे–लावणे यांसारख्या आणखी पाच धातुजोड्या देऊन प्रत्येकीचा वाक्यात उपयोग करा.

स्वयंअध्ययन प्रश्न – १ चे उत्तर : दर तासाला १० वाहने मागे राहतील, म्हणून अकरा वाजता ५० वाहने रांगेत असतील. त्यानंतर दर तासाला २० वाहने कमी होऊन अडीच तासांत, म्हणजे दुपारी दीड वाजता, रांग संपेल. क्षमतेत दहा टक्के वाढ झाल्याने रस्ता पंधराऐवजी साडेसात तासच अडला, हे लक्षात घ्या.

६.६ क्षेत्रीय उपक्रम

तुमच्या परिसरात बंदर नसेल, पण रांग निश्चित असेल. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या काट्याबाहेर उभी असलेली उसाची वाहने, बाजार समितीच्या दारातील कांद्याचे ट्रॅक्टर किंवा टोलनाका यांपैकी एक ठिकाण निवडा. तेथील थांबलेल्या दोन व्यक्तींशी आणि शेजारी राहणाऱ्या दोन व्यक्तींशी बोला. मग त्या रांगेविषयी दीडशे शब्दांची बातमी दोनदा लिहा : पहिल्या वेळी ‘रांगा लागल्या’ या पद्धतीने, दुसऱ्या वेळी मिळालेल्या माहितीच्या आधारे कर्ता स्पष्ट करून. दोन्ही बातम्या संपर्कसत्रात वाचून दाखवा आणि श्रोत्यांना कोणते प्रश्न सुचले, त्यांची नोंद करा.